आधी धूळ ओढणारं मशिन घे

अमळनेर

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागलो की तुझ्यामागं लाकडाला खाचा पाडायचा राउटर सुरू होतो आणि माझं अर्धं बोलणं त्या आवाजात जातं. म्हणून लिहायला बसलो. सावकाश वाच, पण पॅनल सॉचा, म्हणजे फळ्या कापायच्या त्या मोठ्या मशिनाचा, ॲडव्हान्स देण्याआधी वाच.

परवा जळगावला तुझ्या शेडमध्ये आलो तेव्हा चार वाजत आले होते. पोरं चहाला गेलेली, सगळी मशिनं बंद. पत्र्याला तुझ्या डोक्याच्या वर खिळ्याचं एक भोक आहे, त्यातून कवडसा थेट प्लायच्या थप्पीवर पडला होता. त्या कवडशात धूळ तरंगत होती. मी स्टूल ओढून बसलो आणि बघत राहिलो. खाली येईना. पंख्याचा वारा लागला की वळायची, पुन्हा तिथंच. मी विचारलं, आज घासकाम होतं का? तू म्हणालास, "नाही अण्णा, सकाळी दोन दारं घासली तेवढीच, अकराच्या आत झालं." अकराची धूळ चारला हवेत होती आणि त्यामधल्या पाच तासांत तू आणि ती दोन पोरं तिथंच श्वास घेत होता. जळगावहून बसनं परत येताना मला दुसरं काही सुचलं नाही.

भुसा वेगळा आणि ही धूळ वेगळी, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. भुसा जड असतो, पायाशी पडतो, झाडूनं निघतो. आपल्याकडं त्याची शेगडी पेटायची, आठवतं? मधोमध बाटली उभी धरून आई भुसा ठासून भरायची, मग बाटली अलगद काढायची, दोन वेळचा स्वयंपाक त्यावर व्हायचा. माझा सगळा जन्म रंधा, पटाशी आणि करवतीवर गेला. रंध्यातून ढलप्या निघतात, त्या नाकात जात नाहीत. तुझा सँडर, म्हणजे घासायचं मशिन, लाकडाचं पीठ करतो. १२० नंबर, २२० नंबर पॉलिशपेपर मारला की त्यातला सगळ्यात बारीक भाग १० मायक्रॉनच्याही खालचा असतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज घे. हा बारीक भाग डोळ्याला दिसत नाही, नाकातले केस त्याला अडवत नाहीत, तो थेट छातीत उतरतो. जे दिसतं ते झाडून तुम्ही पोरं शेड चकाचक ठेवता, त्याचं मला कौतुक आहे. पण जे मारतं ते झाडूनं उलट वर उडतं.

तुझे आजोबा कापसाची सरकी काढायच्या जिनात होते, हे तुला माहीत आहे. त्यांची छाती तू पाहिली नाहीस. सुटीच्या दिवशी बरं असायचं, दुसऱ्या दिवशी कामावर गेले की संध्याकाळी दम लागायचा, पायऱ्यांवर बसून राहायचे. पुढं पुढं सुटीचा दिवसही बरा जाईना. कापसाच्या धुळीनं होतो तो आजार, त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते ही त्याची खूणच आहे. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते एवढंच म्हणायचे, "आख्खा जलम धूय खावामा गया, पोऱ्या." मी ऐकून घ्यायचो आणि दुकानात येऊन सागाच्या फळीला पेपर मारायचो.

लाकडाची धूळ त्याहून साधी, असं मी समजत होतो. ती साधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकली. नाकाच्या आत आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांमध्ये होणारा कर्करोग, विशेषतः टणक लाकडाच्या धुळीनं. तुझं निम्मं काम एमडीएफचं आहे, त्यात लाकडाचं पीठ आणि फॉर्मल्डिहाइडचं सरस असतं, घासलं की दोन्ही मिळून उडतात. साग तर अंगावरही उठतो. गेल्या आखाजीला, अक्षय तृतीयेला, तू कामावरून तसाच घरी आलास, नातीनं मिठी मारली आणि रात्री तिच्या मानेवर लाल पुरळ आलं. सूनबाईनं उष्णतेचं पुरळ समजून कैरीचं पन्हं दिलं. मला मात्र ओळखू आलं, कारण पहिली दहा वर्षं माझ्या कोपरांवर तसंच यायचं.

आता मशिनाचं बोलतो. तू दुकानात बघून आलास ते ओलं-सुकं ओढणारं स्टीलच्या डब्याचं. तसंच एक मी घेतलं होतं, मला एकानं "सगळं ओढतं" म्हणून दिलं. त्याची कथा सांगतो. पहिल्या आठवड्यात मी खूश. दुसऱ्या आठवड्यात लांबी (पुट्टी) घासताना बॅटरी मागं धरून पाहिलं, तर मशिनाच्या मागच्या जाळीतून पांढरा धूर निघत होता. म्हणजे जाड भुसा डब्यात राहत होता आणि बारीक धूळ गाळणीतून आरपार जाऊन, पंख्यानं फेकावी तशी सगळ्या खोलीत पसरत होती. चौथ्या महिन्यात मोटार जळाली. काही स्वस्त मशिनांत ओढलेली हवाच मोटारीला थंड करते. फिल्टर चोंदला की हवा कमी, मोटार गरम. चांगल्या मशिनात मोटारीच्या थंडाव्याची हवा वेगळ्या वाटेनं येते. दुकानदाराला हे विचार. उत्तर देता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

किती ओढतं यापेक्षा ओढलेलं किती धरून ठेवतं, हे पहिलं बघ. युरोपातल्या प्रमाणानुसार या मशिनांना एल, एम आणि एच असे वर्ग असतात, अंगावर तसं लेबल असतं. एल वर्गातून शंभरातला एक भागपर्यंत धूळ निसटू शकते. एममधून हजारातला एक. एचमधून लाखातले पाच. लाकडासाठी एम घे. एच ॲस्बेस्टॉससारख्या विषारी धुळीसाठी असतं, आपल्याला त्याची गरज नाही. एममध्ये आणखी एक गोष्ट असते, ती मला सगळ्यात आवडली. पाइपातल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की मशिन ओरडतं. त्यावर पाइपाचा व्यास सांगायचं बटण असतं, ते बरोबर लावलं तरच ओरडणं खरं. पिशवी भरली, फिल्टर चोंदला, पाइप मुरडला, तुला कळायच्या आधी त्याला कळतं. माणूस कामाच्या भरात असतो, त्याला हे कळत नाही. नुसतं "हेपा", म्हणजे बारीक धूळ धरणारा फिल्टर, छापलेलं पाहून भुलू नको. फिल्टर चांगला आणि त्याची रबरी कड डब्याला नीट बसत नसेल तर धूळ कडेनं जाते.

पत्रकावर दोन मोठे आकडे असतात. एक हवेचा, मिनिटाला ४००० लिटर वगैरे. दुसरा ओढीचा, २५० मिलिबारच्या आसपास. दोन्ही खरे असतात, पण एकाच वेळी नाही. पहिला तोंड पूर्ण उघडं असताना मोजतात, दुसरा तोंड पूर्ण बंद करून. तुझं काम या दोन्हींच्या मधलं आहे. म्हणून दुकानात तुझा स्वतःचा सँडर घेऊन जा, त्यांच्या पाइपाला लाव आणि जुन्या एमडीएफच्या तुकड्यावर पाच मिनिटं चालव. मग फळीवर काळं फडकं फिरव. फडकं जेवढं सांगेल तेवढं कुठलंच पत्रक सांगणार नाही.

पाइपाबद्दल लोक विचारच करत नाहीत. सँडरला २७ मिलिमीटरचा पुरतो, हलका असतो, हात दुखत नाही. राउटर आणि सर्क्युलर सॉ ढीगभर टाकतात, त्यांना ३६ चा हवा. व्यास एवढाच वाढलेला दिसतो, पण आतली जागा पावणेदोन पट होते. लांबी लागेल तेवढीच घे, दहा मीटरचा पाइप ओढ खातो. आणि अँटिस्टॅटिक, म्हणजे अंगावर स्थिर वीज साठू न देणारा घे. उन्हाळ्यात आपल्याकडं हवा भट्टीसारखी कोरडी, साध्या पाइपातून एमडीएफची धूळ गेली की झटके बसतात. सँडर हातात असताना झटका बसला की माणूस दचकतो आणि पृष्ठभागावर गोल ओरखडा उठतो. तो घासायला पुन्हा अर्धा तास.

तुझ्या शेडमधल्या एका पोराचा एक दोष मी पाहिला, रागवू नकोस त्याच्यावर, त्याला कुणी दाखवलंच नसेल. त्यानं सँडरला पेपर लावला तेव्हा पेपरची भोकं आणि गादीची भोकं जुळली नव्हती. मग कितीही महागाचं मशिन लाव, धूळ वर येणारच कुठून? त्याला एकदा जवळ बसवून दाखव. आणि ओढ फार ठेवली की सँडर लाकडाला चिकटून गचके खातो, तेव्हा ओढ थोडी कमी करायची, सँडर दाबायचा नाही.

मशिनाच्या अंगावर प्लग असेल असंच घे. सँडर त्यात लावायचा, सँडर सुरू झाला की ओढणारं मशिन आपोआप सुरू होतं, बंद केल्यावर पाइप रिकामा व्हावा म्हणून काही सेकंद चालत राहतं. आपोआप झालं तरच पोरं वापरतील, दर वेळी वाकून बटण दाबायचं म्हटलं की तिसऱ्या दिवशी मशिन कोपऱ्यात जाईल. मात्र हिशेब कर. ओढणारं १२०० वॅट, राउटर १६०० वॅट, मिळून २८००, म्हणजे २३० व्होल्टला १२ अँपिअरच्या वर. ६ अँपिअरच्या बोर्डावर हे चालणार नाही. १६ ची वेगळी लाइन ओढून घे, अर्थिंग तपासून घे.

मधे एक सायक्लोन बसव. शंकूच्या आकाराचं भांडं आणि खाली झाकणाची बादली. हवा त्यात गरगर फिरते, जाड भुसा कडेला घासून बादलीत पडतो, मशिनाकडं फक्त बारीक जातं. पिशव्या महाग पडतात, त्या कितीतरी जास्त टिकतात. पिशवीच्या आधी बादली रिकामी करायची, आणि पिशवी बदलताना तिचं तोंड बंद करूनच बाहेर काढायची. पिशवी झटकून पुन्हा वापरतात, ते नको, एवढ्या कष्टानं गोळा केलेली धूळ पुन्हा तोंडावर.

थिकनेस प्लेनरला, फळी तासून जाडी सारखी करतो त्याला, हे मशिन लावू नको. तो मिनिटाला टोपलीभर ढलप्या टाकतो. त्याला १०० मिलिमीटरच्या पाइपाचं मोठ्या पिशवीचं वेगळं यंत्र लागतं, ते नंतर बघू. प्लेनर तू आठवड्यातून एकदा लावतोस, सँडर रोज.

एक गोष्ट तंबी समज. जुन्या वाड्यांचं सागवान तू घेतोस, त्यात खिळे असतात. ब्लेडला खिळा लागला आणि ठिणगी पाइपातून पिशवीत गेली तर आत ती धुमसते, रात्री शेड पेटते. खिळे चुंबक फिरवून काढ. ग्राइंडरवर लोखंड घासलं तर त्या ठिणग्या या मशिनात कधीही नाही. आणि ब्लोअर शेडमधून काढून टाक. अंगावरची धूळ ब्लोअरनं झटकणं तर आजच बंद कर, त्या ऐवजी याच मशिनाचा ब्रश अंगावरून फिरवायचा.

युरोपात २०२३ पासून टणक लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटरभर हवेत २ मिलिग्रॅम आहे. मिठाची चिमूट त्याच्या शंभर पट भरेल. आपल्याकडंही १९४८ च्या कारखाने कायद्यात चौदावं कलम होतं, धूळ जिथं तयार होते त्याच्या शक्य तेवढ्या जवळ ती ओढून घ्या, असं त्यात लिहिलं होतं. तुझी शेड लहान, तुला कुणी तपासायला येणार नाही. पण ती दोन पोरं कुणाची तरी आहेत, धाकटा एकोणीस वर्षांचा आहे, त्याची आई मला बाजारात भेटते. मशिन आलं तरी मास्क सोडू नका, एन ९५, नाकाच्या पट्टीला नीट दाबून. मे महिन्यात ४४ डिग्रीत मास्क लावणं काय असतं मला माहीत आहे. घासकाम सकाळी सहा ते नऊ ठेव, दुपारी जोडकाम.

पैशांचं तू बोलणार, म्हणून मीच बोलतो. पॅनल सॉ चार महिने थांबेल. माझी पोस्टातली ठेव पुढच्या महिन्यात सुटते, त्यातून हे मशिन मी घेऊन देतो. तुला दिलेलं हे कर्ज नाही, परत मागणार नाही. डॉक्टरनं मला नळीत फुंकायला लावलं तेव्हा काटा जिथं थांबला, ते मी तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नको.

मंगळवारी सकाळच्या बसनं येतो, आपण दोघं दुकानात जाऊ. तोवर एक काम करून ठेव. सँडर, राउटर, सॉ आणि जिगसॉ, चौघांच्या धूळ बाहेर टाकायच्या तोंडाचं व्हर्नियरनं माप घे, आतला व्यास आणि बाहेरचा व्यास दोन्ही. बॉश कंपनीच्या मशिनाचं तोंड मकिता कंपनीच्या पाइपाला बसेलच असं नाही, ॲडॅप्टर त्याच वेळी घ्यावे लागतील. मापं भिंतीवर लिहू नको, कागदावर लिही आणि कागद खिशात ठेव.

तुझे
अण्णा

ता. क. पत्र्याचं ते भोक बुजवू नको. मशिन आल्यावर त्याच कवडशात बघायचं आहे.