पहिल्या शिट्टीआधी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू मला तीनदा सांगितलंस, "तो आता बरा आहे, आई." मी एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हाच कळलं की तो बरा आहे, पण तू बरा नाहीस. आजी जागी होती म्हणून मी हो-हो करत फोन ठेवला. आज क्लिनिक बंद ठेवलंय आणि लिहायला बसलेय.

तू सांगितलंस त्यावरून मला एवढं कळलं. कबड्डीचा उपांत्य सामना, रात्रीचे साडेअकरा, मध्यंतराला चार मिनिटं बाकी. चढाईला आलेल्या मुलाचा पाय धरला गेला, तो पुढे कोसळला आणि कोपरारक्षकाच्या गुडघ्यावर त्याचं कपाळ आदळलं. मैदानावरचा फिजिओथेरपिस्ट म्हणून तू पिशवी घेऊन धावलास. त्यानं गावाचं नाव बरोबर सांगितलं, पण तुला त्याची नजर पटली नाही. तू "याला बाहेर बसवा" म्हणालास, तोवर कर्णधारानं त्याच्या तोंडावर पाण्याचे हबके मारले होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो उभा राहिला. पुढच्याच चढाईत तो बाद झाला आणि दुसऱ्या संघाच्या बाद खेळाडूंच्या रांगेत जाऊन बसला. मग सगळ्यांना पटलं.

"माझं कुणी ऐकलंच नाही," हे तू सगळ्यात शेवटी, अगदी हळू म्हणालास.

निनाद, एक गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही. 2009 सालची. तू पहिलीत होतास. वाळवा तालुक्यातल्या एका गावी यात्रेनिमित्त स्पर्धा होत्या. प्रो कबड्डी सुरू झाली 2014 मध्ये. त्याआधी गावच्या स्पर्धेला कुणी फिजिओला बोलावतंय हेच नवल होतं. मला बोलावलं म्हणून मी भारावून गेले होते. अंतिम सामन्यात एका मुलाच्या डोक्याला असाच मार लागला. असेल एकोणीस वर्षांचा. मी प्रश्न विचारले, त्यानं उत्तरं दिली. "डोकं जरा जड वाटतंय," एवढंच म्हणाला. संयोजक शेजारी उभे होते. "ताई, पाचच मिनिटं राहिलीत." मी त्याला सोडलं.

ते जिंकले, गुलाल उधळला. टेम्पोतून परत जाताना वाटेत त्याला उलट्या सुरू झाल्या आणि तो बरळायला लागला. रात्री सांगलीला नेऊन सीटी स्कॅन काढलं. आत रक्तस्राव नव्हता. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. त्याची आई गोठ्यातून हात पुसत बाहेर आली आणि मलाच म्हणाली, "तुम्ही होता म्हणून बरं झालं, बाई." तिनं चहा केला. मी तो प्याले. खरं काय ते मी तिला सांगितलं नाही.

त्या पाच मिनिटांत आपण काय बोलायला हवं होतं, याचा मी कित्येक महिने विचार करत होते. आणि मग लक्षात आलं की तेव्हा बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बोलायची वेळ संध्याकाळी सहाची होती, मैदानावर चुन्याच्या रेषा मारत होते तेव्हाची. त्या वेळी मी व्यासपीठावर बसून पाहुण्यांबरोबर पोहे खात होते.

तेव्हापासून मी तासभर आधी जाते. आधी पंचांना भेटते, मग संयोजकांना, मग प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाला, आणि सगळ्यांना तेच वाक्य सांगते: "डोक्याला मार लागला आणि मला शंका आली, तर तो खेळाडू आज परत खेळणार नाही. तुमचा असो नाही तर त्यांचा." त्या वेळी सगळे हो म्हणतात, कारण अजून कुणाचाच खेळाडू पडलेला नसतो. पंचांना वेगळं सांगते की माझा हात वर गेला की वेळ थांबवा. मग संयोजकांच्या फोनवर तेच दोन ओळींत लिहून पाठवते आणि त्यांचं "ओके" आल्याशिवाय पिशवी उघडत नाही. रात्री साडेअकराला कुणी हुज्जत घालायला आलं की आवाज चढवावा लागत नाही. "सहाला ठरलंय," एवढं पुरतं.

कुणी म्हणेल, संघाचं नुकसान होतं. सात जण मैदानात असतात आणि पाच राखीव बाकावर. ते पाच जण कशासाठी आणलेत?

आणि हा नियम माझ्या पदरचा नाही. 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या डोक्याच्या दुखापतींवर तज्ज्ञांची परिषद झाली, तिच्या निवेदनातही हेच आहे: शंका आली तरी बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. तू हे कॉलेजात शिकलास. पण तुझी एक चूक मला फोनवरच जाणवली, ती आत्ताच सांगते. गावाचं नाव बरोबर आलं म्हणून तू क्षणभर थबकलास. डोक्याला मार लागल्यावर भान तपासायचे मॅडॉक्सचे प्रश्न आपण आपल्या खेळाप्रमाणे विचारतो: हे कोणतं मैदान, पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध, शेवटचा गुण कुणी घेतला, याआधीचा सामना कुणाशी झाला, जिंकलात का. एक जरी उत्तर चुकलं तर निर्णय झाला. पण सगळी बरोबर आली तरी तो ठीक आहे असं ठरत नाही. तुला त्याची नजर पटली नाही ना? तेवढंच पुरेसं होतं.

आता उभं कुठे राहायचं ते. व्यासपीठाशेजारची खुर्ची तुला आग्रहानं देतील, हारसुद्धा घालतील. हार घे, खुर्चीवर बसू नकोस. मैदानाच्या कोपऱ्यात, दोन्ही मध्यरक्षकांचे पाय दिसतील असं उभं राहा. पडल्यावर काय दुखतंय ते खेळाडू सांगतो, पण कसा पडला ते तुझे डोळेच सांगतात. मॅट आल्यापासून हे जास्तच जाणवतं. मातीवर अनवाणी पाऊल घसरायचं आणि बरंच निभावून जायचं. मॅटवर बूट चिकटून राहतो आणि वरचं अंग वळतं. गुडघ्यातून "कट्" असा आवाज आला असं कुणी म्हणालं, तर सूज यायची वाट बघू नकोस.

रुग्णवाहिका "आहे" असं सांगतात, तेव्हा चालत जाऊन बघ. एकदा ती मंडपामागे उभी होती आणि तिच्यापुढे प्रेक्षकांच्या साठ-सत्तर मोटारसायकली लावलेल्या. चालक जेवायला गेलेला. तेव्हापासून मी चालकाचं नाव विचारते, किल्ली कुणाकडे आहे बघते, सिलिंडरचा काटा बघते आणि गेटपर्यंतची वाट मोकळी करून घेते. 108 ला फोन कोण करणार, तेही एका माणसाला बोट दाखवून सांगून ठेवते. "कुणीतरी फोन करा" म्हटलं की कुणीच करत नाही.

12 जून 2021 ची रात्र आठवते? तुझी बारावीची परीक्षा रद्द झाली होती आणि आपण दोघं डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामना बघत होतो. डेन्मार्कचा एरिक्सन धावता धावता कोसळला. त्याच्या सोबत्यांनी त्याच्याभोवती कडं केलं आणि आत त्याची छाती दाबणं सुरू झालं. तू टीव्हीचा आवाज बंद केलास. तो शुद्धीवर आहे ही बातमी आल्यावर तू मला विचारलंस, "आई, तुझ्या मैदानावर ते शॉकचं यंत्र असतं का?" मी म्हणाले, नाही. तू पुढे काही बोलला नाहीस, पण तुझा चेहरा मला आठवतो. पुढच्या वर्षी मैदानावर काम करणाऱ्या आम्ही तिघींनी मिळून ते घेतलं. आमच्यापैकी ज्या मैदानावर जास्त सामने, तिथे ते जातं. आजवर कुणावर वापरायची वेळ आली नाही, पण दर महिन्याच्या एक तारखेला मी त्याचा हिरवा दिवा बघते. हृदय बंद पडून छाती दाबणंही सुरू झालं नाही, तर शॉक मिळेपर्यंतच्या दर मिनिटाला वाचायची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. आपल्या गावांचं तालुक्याच्या दवाखान्यापासूनचं अंतर तुला ठाऊक आहे. म्हणून मी प्रत्येक स्पर्धेत सुरुवातीला स्वयंसेवकांतल्या चार पोरांना बोलावून उशीवर हात ठेवून दाखवते: मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. दहा मिनिटं जातात. संयोजक घाई करतात. करू देत.

वजनी गटाच्या स्पर्धा तू घेशील तेव्हा सकाळी वजनकाट्याशी उभा राहा. वजनात बसायचं म्हणून पोरं आदल्या दुपारपासून पाणी पीत नाहीत, दोन-दोन स्वेटर घालून पळतात. वजन झालं की वडापाव खातात आणि अकराच्या उन्हात पहिला सामना खेळतात. त्यांचे ओठ बघ. वजन झालेल्या प्रत्येकाच्या हातात तिथेच मीठ-साखरेचं पाणी दे आणि "घोट-घोट पी" म्हण. त्यांना ओरडू नकोस. त्यांना हे कुणीतरी मोठ्यानंच शिकवलेलं असतं.

उन्हाचं आणखी एक. लांब पल्ल्याच्या शर्यतीत कुणी बरळायला लागला, दिशा चुकून चालायला लागला, तर त्याला घाईघाईनं गाडीत कोंबू देऊ नकोस. आधी तिथेच थंड करायचं, मग हलवायचं. अशा माणसाच्या शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर गेलेलं असतं आणि पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो. टब कुठून आणणार? ताडपत्री आण. त्यात त्याला झोपव, चार जणांनी कडा उचलून धरायच्या आणि आत पाणी नि बर्फ ओतायचा. बर्फ रसाच्या गाड्यावर मिळतो. मी गेल्यावर सगळ्यात आधी रसवाल्याशीच ओळख करून घेते, म्हणून लोकांना वाटतं मला रस फार आवडतो. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं समजू नकोस. धावणाऱ्याला घाम असतोच.

"स्प्रे मारा ना सर" हे तुला प्रत्येक सामन्यात ऐकावं लागेल. स्प्रेनं जागा बधिर होते, दुखापत आहे तिथेच राहते. किरकोळ मारावर मार, पण घोटा सुजलेला असेल तर आधी हाडावर दाबून बघ आणि चार पावलं चालायला लाव. नाही चालता आलं तर एक्स-रे. निखळलेला खांदा मैदानात बसवायचा नाही, कितीही जण "आमच्याकडचे अमुक पैलवान बसवतात" म्हणोत. नाडी बघ, दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का बघ, झोळी बांध, पाठव. आणि दुखणं थांबवायची सुई मागितली तर सरळ सांग, ते माझं काम नाही आणि मी ते करणार नाही.

पैशाचं बोलायला तुला लाज वाटते, हे तुझ्या बाबांचं. निम्मं मानधन आधी घेत जा. एकदा मला शाल-श्रीफळ दिलं आणि पाकीट "पुढच्या आठवड्यात" म्हणाले. पैसे गेल्याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. पण त्या संपूर्ण स्पर्धेत मी त्यांना दुखवायला कचरत होते, कारण पाकीट त्यांच्या हातात होतं. हे वाईट. एखाद्या संघानं जिंकल्यावर खुशीनं काही दिलं तरी घेऊ नकोस. स्वतंत्रपणे काम करतोस म्हणजे तुझ्या पाठीशी दवाखाना नाही, वरिष्ठ नाही; पडलेल्या मुलाला तू कुणाचा माणूस आहेस हे कळलं पाहिजे. व्यावसायिक विमा या महिन्यातच काढ. पुढच्या महिन्यात, असं नाही.

आणि वही ठेव. फोनमध्ये नको, वहीच. वेळ, काय लागलं, काय केलं, कुणाला काय सांगितलं. सामना चालू असताना दोन ओळी होतातच. माझ्या सगळ्या वह्या कपाटात आहेत. 2009 च्या वहीत त्या रात्रीची नोंद आहे: "कपाळास मार. प्रश्नांची उत्तरे बरोबर. खेळण्यास योग्य." खाली माझी सही. ते पान फाडावंसं मला पुष्कळदा वाटलं.

आता त्या मुलाचं. आज संध्याकाळी त्याला फोन कर, आणि त्याच्याशी बोलून झाल्यावर घरातल्या मोठ्या माणसाकडे फोन द्यायला सांग. आईच असेल तर उत्तम. त्यांना नीट सांग: डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, एकाचे दोन दिसले, हातापायात मुंग्या आल्या, मान दुखली, उठवून उठेना किंवा वेड्यासारखं बोलायला लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात न्या. पहिले एक-दोन दिवस फोन-टीव्ही कमी, गाडी चालवायची नाही, घरात हळूहळू फिरलं तरी चालेल. खेळायला परत कधी, ते डॉक्टरांनी तपासल्यावर टप्प्याटप्प्यानं. आणि काल त्याला परत आत जाऊ दिलं गेलं, हेही त्यांना सांग. तुझ्या तोंडून त्यांना कळू दे. मला तेव्हा जमलं नाही.

त्यानंतर संयोजकांना फोन कर. रागानं नको. शनिवारी अंतिम सामने आहेत म्हणालास, तर सहाला भेटायची वेळ आत्ताच मागून घे.

उद्या सकाळच्या एसटीनं पार्सल पाठवतेय, स्वारगेटला उतरवून घे. डायनाप्लास्टच्या चिकटपट्टीचे सहा रोल आहेत, दोन क्रेप बँडेज, आजीनं केलेल्या शेंगदाण्याच्या चिकीचा डबा आणि एक कोरी वही. वहीच्या आत 2009 च्या त्या पानाची झेरॉक्स घडी करून ठेवलीय. वाचून झाल्यावर फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई