‘थांब’ म्हटल्यावर थांबणाऱ्या मुलीला

चि. डॉक्टरीणबाई,
अनेक आशीर्वाद.

नाव लिहायचं नाही असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानणार, तिथे तुझं ऐकणार नाही.

माझं गुडघा बदलायचं ऑपरेशन उत्तम झालं. सर्जनबद्दल काडीचीही तक्रार नाही. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर सरकारने २०१७ साली मर्यादा घातली, तेव्हा कुठे आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांना हा विचार करता आला. पण सांधा बसवला म्हणजे पाय परत मिळाला असं नसतं, हे आधी कुणी बोललंच नाही. तुझ्याआधी फिजिओथेरपीचे व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा एका हाताने माझा पाय दाबायचा, दुसऱ्या हातात मोबाईल. मी ओरडले की म्हणायचा, "आजी, सहन करा, सगळ्यांनाच दुखतं." एकदा मी रडत असताना त्याने फोन घेतला आणि बोलणं संपेपर्यंत पाय तसाच दाबून धरला. तपासणीला गेलं की एक्स-रे बघून सांगायचे, सगळं छान आहे. मग कमोडवरून उठताना मला सुनेला हाक का मारावी लागते, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. माझा राग अजून गेलेला नाही.

तू आलीस त्या दिवशी मी आधीच अंग चोरून पडले होते. तू हात धुतलेस, एक तळहात माझ्या टाचेखाली ठेवलास, दुसरा मांडीखाली. गुडघ्याला हातसुद्धा लावला नाहीस. म्हणालीस, "काकू, तुम्ही थांब म्हणालात की मी थांबणार." म्हणायला काय, सगळेच म्हणतात. पाय जेमतेम वाकला असेल, दुखतही नव्हतं, तरी मी मुद्दाम म्हटलं, "थांब." आणि तू थांबलीस. ‘अजून थोडंसं’ नाही, ‘एवढंच’ नाही. पाय जिथे होता तिथे, हात नुसते आधाराला, आणि तू माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस. मी "हं" म्हटल्यावरच पुढे गेलीस. माझा पाय पुन्हा माझ्या ताब्यात आला तो तेव्हा. उशीत तोंड खुपसून रडले मी, तुला वाटलं दुखलं.

जबरदस्ती झाली की भीतीने मांडीचे स्नायू आवळले जातात आणि पाय अडून बसतो, हे तू नंतर समजावलंस. गुडघ्याखालची उशी काढायला लावलीस. सूनबाई मायेने ठेवायची बिचारी. तशी उशी ठेवली तर पाय पुरता सरळ व्हायचा राहतो, हे घरी सोडताना कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

बाकीचे व्यायाम, बर्फाचा शेक, ९० डिग्रीच्या पुढे गुडघा गेला तेव्हा तू वाजवलेल्या टाळ्या, ते सगळं तुला ठाऊकच आहे. आता नारायण पेठेतला आमचा दगडी जिना मी एकटी चढते-उतरते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

तुझ्यामुळे माणसांकडे बघायची माझी नजर बदलली बघ. वॉकर घेऊन लक्ष्मी रोड ओलांडत होते तर एका हातगाडीवाल्याने आपली गाडी आडवी घालून रहदारी थांबवली. बँकेत एका मुलीने न विचारता खुर्ची पुढे सरकवली. अशी माणसं आपल्या पुण्यात आहेत, पुष्कळ आहेत. रागाच्या भरात मी ते विसरत चालले होते.

ज्येष्ठात पालख्या मुक्कामाला आल्या की नाना पेठेत निवडुंग्या विठोबापर्यंत चालत जाऊन तुकोबांच्या पालखीचं दर्शन घ्यायचं मी ठरवलंय. गर्दी टाळून पहाटे निघू. तू बरोबर ये. फी विचारणार नाही आणि तूही सांगू नकोस, परत आल्यावर जेवायलाच थांब.

तुझ्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
नारायण पेठेतली काकू