‘जसे आहे तसे’ विकलेल्या किचनची जबाबदारी कोणाची? ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : शोरूममध्ये मांडलेले जुने किचन विकताना आणि उतरवून नेताना होणारे नुकसान

महोदय,
सविनय नमस्कार.

मी पुण्यात एका शाळेत शिकवते. गेले ४१ दिवस माझी ७४ वर्षांची आई गॅलरीत घडीच्या टेबलावर शेगडी ठेवून स्वयंपाक करते आहे. घरात ओटा आहे, पण त्याला शेगडीच्या जागी आरपार तडा गेलेला आहे. कपाटे आहेत, पण त्यांतल्या एका उंच कपाटाच्या फळ्या तळाशी फुगून भुगा सांडतो आहे. हे किचन मी एका शोरूममधून रीतसर बिल घेऊन विकत घेतले. शोरूमचे नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्याशी माझा वाद आहे आणि तो मी योग्य ठिकाणी मांडेन. तुमच्याशी बोलायचे आहे ते या वादात वारंवार आडव्या आलेल्या एका गोष्टीबद्दल.

मॉड्युलर किचनची दुकाने काही वर्षांनी डिझाइन बदलतात आणि मांडून ठेवलेले जुने किचन कमी किमतीत काढून टाकतात. दुकानदार त्याला ‘डिस्प्ले पीस’ म्हणतात. आम्ही जुना फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क हे सगळे भरल्यावर नव्या किचनचे ४,४०,००० रुपये आमच्याकडे उरले नव्हते. शोरूममधले किचन १,७५,००० रुपयांना मिळत होते. आमच्या मापात बसणारे, एल आकाराचे, दहा बाय आठ फुटांचे. उतरवणे, आणणे आणि बसवणे, सगळे त्याच रकमेत. जुने घेतो आहोत याचा आम्हाला कमीपणा वाटला नाही. चांगल्या वस्तू भंगारात जाण्यापेक्षा कोणाच्या तरी घरात वापरल्या जाव्यात असे माझे ठाम मत आहे आणि या अनुभवानंतरही ते बदललेले नाही.

घेण्यापूर्वी मी ते अर्धा तास पाहिले. प्रत्येक शटर उघडले, ट्रॉल्या ओढून पाहिल्या, बिजागऱ्या तपासल्या. दोन ठिकाणी ओरखडे होते. ते विक्रेत्याने स्वतःहून दाखवले आणि मी मान्य केले. पण स्कर्टिंगची, म्हणजे कपाटांखालची जमिनीलगतची पट्टी काढून मागे बघायचे असते, हे मला कोणी सांगितले नाही. मी मागणी केली असती तरी चालू शोरूममध्ये ती कोणी काढली असती असे वाटत नाही. शोरूमच्या किचनमधल्या नळाला पाणी नसते, म्हणून ते भिजलेले नसणार असे माझ्यासारखी बाई धरून चालते. आमच्याकडे बसवायला आलेल्या कारागिराने मला खरे कारण दाखवले. शोरूमची फरशी रोज ओल्या पोछ्याने पुसली जाते. उंच कपाटाच्या ज्या उभ्या फळ्या थेट जमिनीला टेकलेल्या असतात, त्यांचे तळ रोज थोडे थोडे पाणी पितात. तीन-चार वर्षांत पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, आतून फुगतो. बाहेरून लॅमिनेट तकतकीत असते आणि पुढे स्कर्टिंग असते, त्यामुळे काही दिसत नाही. कपाट हलवले की फुगलेला भाग तुटून हातात येतो. “मॅडम, हे आधीचंच आहे,” असे तो म्हणाला. तो त्याच शोरूमचा माणूस होता आणि खरे बोलला, म्हणून त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

ओट्याचे वेगळे आहे. तो क्वार्ट्‌झचा आहे आणि शोरूममध्ये धडधाकट होता. त्या दिवशी मी काढलेल्या फोटोत स्पष्ट दिसतो. असा ओटा काचेसारखा उभा धरून, कडेवर टेकवून न्यायचा असतो. शेगडीसाठी कापलेल्या भोकाच्या पुढे जेमतेम तीन बोटांची पट्टी उरते. तो आडवा ठेवला की सगळा ताण त्या पट्टीवर येतो. आमच्याकडे टेम्पो आला तेव्हा ओटा तळाला आडवा होता आणि त्यावर ट्रॉल्या रचलेल्या होत्या.

किचन उतरवताना मला हजर राहायचे होते. “दुकान बंद झाल्यावर रात्री काढतात, बाहेरच्यांना थांबता येत नाही,” असे उत्तर मिळाले. टेम्पोवाल्याने माल उतरवण्याआधीच चलन, म्हणजे माल मिळाल्याची पोचपावती, सहीसाठी पुढे केले. त्यावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे छापलेले होते. माझ्या एका सहकारी शिक्षिकेने आधी बजावले होते म्हणून मी सहीशेजारी ‘पॅकिंग उघडलेले नाही, तपासणी बाकी’ असे लिहिले. हे पाच शब्द लिहिले नसते तर आज माझ्या हातात काहीच नसते. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावे, म्हणून मुद्दाम सांगते.

त्याच संध्याकाळी मी फोटो आणि व्हिडिओसह ईमेल केला. शोरूमचे म्हणणे, वाहतुकीत तुटले असेल तर वाहतूकवाल्याला विचारा. वाहतूकवाल्याचे म्हणणे, पॅकिंग शोरूमचे, मी फक्त गाडी चालवली. फुगलेल्या फळ्यांबद्दल एकच उत्तर आले : बिलाच्या मागे ‘वापरलेला माल, जसा आहे तसा, परत घेतला जाणार नाही’ असे लिहिले आहे. ते बिल मला पूर्ण पैसे भरल्यानंतर मिळाले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तर तिथेही शोरूमने हेच वाक्य पाठवले आणि तक्रार बंद झाली.

महोदय, मी कायदा शिकलेली नाही. पण या ४१ दिवसांत ओळखीच्या एका ज्येष्ठ वकिलांकडे बसून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ समजून घेतला. त्यात ‘जुन्या वस्तू’ हा शब्द अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत येतो आणि तो असा : जुनी, दुरुस्त केलेली किंवा पुन्हा जोडलेली वस्तू नवी म्हणून विकणे ही अनुचित प्रथा आहे. हे योग्यच आहे. पण जी वस्तू जुनी म्हणूनच, उघडपणे विकली जाते, तिच्या स्थितीबद्दल विक्रेत्याने काय काय सांगायला हवे, याबद्दल त्या व्याख्येत एक ओळ नाही. ही पोकळी ‘जसे आहे तसे’ हे शब्द भरून काढतात आणि त्यांचा अर्थ दुकानदार लावतो.

माझ्या मते त्यांचा अर्थ फार तर एवढाच होतो की, विक्रीच्या क्षणी दिसत असलेली स्थिती मी स्वीकारली. नंतर रात्री कोणी ते उतरवताना आणि टेम्पोत टाकताना काय केले, त्याला हे शब्द लागू होऊच शकत नाहीत. आणि हे केवळ माझे मत नाही. १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या कलम २१ मध्ये म्हटले आहे की, ठरावीक वस्तू पोचवण्याजोगी करण्यासाठी विक्रेत्याला काही काम करायचे बाकी असेल, तर ते काम पूर्ण होऊन खरेदीदाराला कळेपर्यंत मालकी खरेदीदाराकडे जात नाही. आणि वेगळे काही ठरलेले नसेल तर मालकी ज्याची, नुकसानीचा धोकाही त्याचाच. वकिलांनी मला याच तत्त्वावरचा इंग्लंडमधला एक जुना खटला सांगितला. काँक्रीटच्या जमिनीत बसवलेले ३० टनांहून जास्त वजनाचे एक इंजिन विकले गेले. ते उपटून, सुटे करून रेल्वेत चढवायचे काम विक्रेत्याचे होते. चढवताना एक भाग तुटला आणि खरेदीदाराने ते घ्यायला नकार दिला. १९२२ साली तिथल्या न्यायालयाने मान्य केले की, तोवर मालकी खरेदीदाराकडे गेलीच नव्हती. माझ्या घरातल्या किचनचे वजन ३० टन नाही, पण प्रश्न तोच आहे. भिंतीला ठोकलेले, एकमेकांत अडकवलेले किचन सुटे करणे हे विक्रीतले सर्वांत जोखमीचे काम आहे. पार्टिकल बोर्डातला स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात दुसऱ्यांदा तसा धरत नाही. हे कौशल्याचे काम विक्रेत्याने स्वतःच्या माणसांकडून, माझ्या गैरहजेरीत केले आणि त्याची जोखीम मात्र माझ्या माथी मारली.

त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये आणखी एक बारकावा आहे. खरेदीदाराने वस्तू पाहून घेतली असेल, तर त्या पाहणीत दिसायला हवे होते अशा दोषांबद्दल त्याला तक्रार करता येत नाही. म्हणजे स्कर्टिंगमागचा, न दिसणारा दोष वेगळा. पण हे सिद्ध कसे करायचे? इथे माझ्यापुढे भिंत उभी राहते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारा ग्राहक आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. औषध किंवा खाद्यतेल असे पाठवता येते. सात फुटी कपाट कसे पाठवायचे? आणि तपासणी होईपर्यंत तुटलेले किचन हलवायचे नाही, म्हणजे माझी आई गॅलरीतच.

जिल्हा आयोगात जायला माझी हरकत नाही. पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही, ही चांगली सोय आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणी लागल्यास पाच महिने अशी मुदत आहे, पण ती पाळली जातेच असे नाही. शिवाय, बिलामागची अट हा अनुचित करार आहे, ती रद्द करा, अशी तक्रार ऐकण्याचा अधिकार २०१९ च्या कायद्याने जिल्हा आयोगाला दिलेलाच नाही. ती राज्य आयोगात न्यावी लागते. पावणेदोन लाखांच्या किचनसाठी कोणती शिक्षिका दोन आयोगांत फिरेल?

एक गोष्ट मला विशेष लागली. माझ्या बिलावर नव्या फर्निचरइतकाच १८ टक्के जीएसटी आहे. कर द्यायला माझी ना नाही. पण कर घेताना जी वस्तू नव्यासारखीच धरली जाते, ती संरक्षणाची वेळ आली की ‘वापरलेला माल’ होते, हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. शोरूममधली मांडलेली वस्तू विकताना पैसे घेण्याआधी विक्रेत्याने लेखी स्थितिपत्रक द्यावे. वस्तू किती वर्षे मांडलेली होती, कोणत्या बोर्डाची आहे, कुठे ओल, फूग, तडा आहे, आणि स्कर्टिंग काढून, मागची बाजू दिसेल असे फोटो. त्यावर दोघांच्या सह्या. उतरवणे, वाहतूक आणि बसवणे विक्रेत्याने किमतीत धरले असेल, तर बसवून होईपर्यंतची जोखीम त्याचीच, हे त्याच कागदावर स्पष्ट असावे. उतरवताना ग्राहकाला हजर राहू द्यावे. यात दुकानदाराचा तोटा नाही. जो खरे सांगून विकतो त्याला हाच कागद वाचवेल.

अशी मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे, याची मला कल्पना आहे. हॉटेलांतल्या सेवा शुल्काबद्दल २०२२ साली आणि ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन फसव्या रचनांबद्दल (‘डार्क पॅटर्न’) २०२३ साली त्यांनी ती काढली. आपण राज्याच्या वतीने त्यांना लेखी शिफारस करावी. पण राज्याच्या हातातही बरेच आहे. जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. अनेक ग्राहकांना बाधणाऱ्या अनुचित प्रथेची चौकशी करून अहवाल पाठवण्याचा अधिकारही जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पुण्यात एका फेरीत किती शोरूमच्या बिलांमागे हे वाक्य छापलेले सापडते ते पाहायला सांगा. आणि प्रयोगशाळेत नेता न येणाऱ्या वस्तूंसाठी प्रत्येक जिल्ह्यात जाणकारांची यादी तयार करा. आयटीआयमधले सुतारकामाचे निदेशक राज्य सरकारकडेच आहेत. त्यातल्या एकाने घरी येऊन तासभर पाहिले, लिहून दिले, आणि ते आयोगापुढे ठेवता आले, तर प्रकरण महिनोन्‌महिने अडणार नाही.

बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत या ग्राहकांच्या संघटनेचे काम याच पुण्यात सुरू केले. माझे वडील त्या काळातले. त्यांनी आम्हाला प्रत्येक पावती जपून ठेवायला शिकवले. त्यामुळे बिल, चलन, शोरूममधले आणि घरातले फोटो, ईमेल, टपालाची पोच, सगळे माझ्याकडे आहे. फुगलेल्या फळीचा तुटलेला तुकडाही मी पिशवीत ठेवला आहे. आपल्या विभागातले कोणी पाहायला येणार असेल तर रविवारी मी दिवसभर घरी असते. किचन जसे बसवले त्याच स्थितीत आहे, मी काहीही हलवलेले नाही.

आपली नम्र,
पुण्यातील एक ग्राहक