दफनभूमीतील नव्या ओळींबाबत सूचना

सर्व सभासदांस कळावे,

मागच्या गडग्यालगतच्या (दगडी कुंपणालगतच्या) थडग्यांच्या नव्या ओळींची आखणी पावसाळ्याआधी करायची आहे. तिथे थडग्याभोवती कठडा, लोखंडी ग्रिल किंवा साखळी कृपया बसवू नये. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते आणि कठड्यांच्या बेचक्यातले रान मशीनने निघत नाही, कोयता घेऊन बसावे लागते. चिऱ्याच्या सांध्यात पिंपळ रुजला तर बांधकामच फुटते. नावाची पाटी ग्रॅनाइटची, जमिनीसरशी आणि कोरीव अक्षरांची असावी. रंगवलेली अक्षरे पावसात पुसतात. आपल्या माणसाचे नाव नातवंडांनाही वाचता यायला हवे. ओळींमध्ये शवपेटी खांद्यावरून नेता येईल एवढी वाट सोडू, उतार वहाळाकडे (ओढ्याकडे) ठेवू. जुन्या थडग्यांना हात लावणार नाही.

हरकत असल्यास रविवारी मिस्सानंतर (चर्चमधील प्रार्थनाविधीनंतर) समितीला भेटावे.

– दफनभूमी समिती