मृगाआधी माळवदावर माती चढवायची आहे, हातभार लावा

गावातले सर्व ग्रामस्थ, पोटापाण्यासाठी सोलापूर-पुण्याकडे गेलेली आपली माणसं आणि माहेरवाशिणी यांना नमस्कार.

आपल्या गावठाणातला शंभरेक वर्षांचा माळवदी (मातीच्या सपाट छताचा) वाडा, शेजारची लोहारशाळा आणि जुन्या शाळेची खोली मालकांनी जतनासाठी समितीच्या हवाली केली आहे. आहे त्याच जागी या वास्तू नीट करून गावच्या जुन्या राहणीचं संग्रहालय उभं करायचं ठरलं आहे. स्वीडनमध्ये १८९१ साली स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात ठिकठिकाणची जुनी घरं आणून जपायला सुरुवात झाली. भोपाळच्या मानव संग्रहालयात तर त्या त्या समाजाच्या लोकांनीच येऊन आपापली घरं बांधली. सिमेंटचे बैल आणि रंगवलेली जाती मांडणं सोपं आहे. आम्हाला ते करायचं नाही.

घाई आहे ती माळवदाची. तुळयांवर किलचाण (आडव्या लाकडी चिपा), त्यावर पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती दर उन्हाळ्यात नव्याने पसरून धोपटावी लागते, पन्हाळी मोकळ्या कराव्या लागतात. वाडा बंद पडल्यापासून कुणी वर चढलंच नाही. घुशींनी बिळं केली, पाणी मुरलं. ढेलजेवरच्या (दारालगतच्या ओसरीवरच्या) तुळईचं भिंतीतलं टोक इतकं कुजलंय की खिळा नुसत्या बोटाने आत जातो. माजघरातलं सवणं (उजेडासाठी छतात ठेवलेलं भोक) पत्र्याने झाकलंय, त्यामुळे आत भरदुपारीही अंधार असतो.

१९९३च्या किल्लारी भूकंपानंतर आपल्या भागात माळवदाची धास्ती बसली, आणि ती रास्तच होती. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड ओझं, यानेच माणसं दगावली. म्हणून आधी साठलेली जादा माती उतरवणार आहोत, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड बसवणार आहोत आणि मगच नवा थर देणार आहोत. इंजिनिअरने तपासल्याशिवाय वाडा लोकांसाठी उघडणार नाही.

पैसे तर हवेतच. लाकूड आणि सुताराची मजुरी हा मोठा खर्च आहे. देणगी समितीच्या बँक खात्यावरच द्या, रोख दिलीत तर पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. पण कुणाचं घर पाडायचं असेल, तर सागवानी तुळया, खांब, चौकटी भंगारात घालण्याआधी एकदा आम्हाला विचारा. मोट, तिफण, चाडं, भाता, शाळेची जुनी पाटी, काहीही चालेल. देणाऱ्याचं नाव वस्तूजवळ लिहू.

सगळ्यात जास्त गरज आहे ती माळवद घालता येणाऱ्या जुन्या जाणत्यांची. काठी टेकत आलात तरी चालेल, खाटेवर बसून नुसतं सांगा, पोरं राबतील. पाण्याचा हात किती, माती कधी धोपटायची, हे आता तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

वैशाखातल्या प्रत्येक रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत काम सुरू होईल. पाट्या-खोरी असतील तर घेऊन या. ट्रॅक्टरवाल्यांनी माती वाहायला एक-एक खेप द्यावी. दुपारच्या भाकरी, आमटी आणि शेंगाचटणीची सोय बचत गटाच्या महिलांनी वाड्यातच केली आहे.

— समिती व समस्त ग्रामस्थ