ड्रायव्हर्स एडचा वर्ग सुरू होण्याआधी

सातारा,
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे नव्या वर्षाचे वेळापत्रक आईने काल पाठवले. हेल्थच्या तासाच्या जागी पहिल्या मार्किंग पीरियडमध्ये, म्हणजे वर्षाच्या पहिल्या टप्प्यात, ड्रायव्हर्स एड हा ड्रायव्हिंगचा वर्ग लागलेला पाहिला आणि आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन उरकून मी न्यू जर्सीला, एडिसनला परतेपर्यंत तुझे निम्मे तास होऊन गेलेले असतील हे लक्षात आले. फोनवर हा विषय काढला की तू "बाबा, आय नो" म्हणतेस आणि मी चिडतो, म्हणून हे पत्र लिहितो आहे. मराठी शाळेत चार वर्षे घातली आहेस, तेव्हा वाचायला जड जाणार नाही. एखादा शब्द अडलाच तर आईला विचार. मात्र माझ्या पहिल्या ड्रायव्हिंग टेस्टची हकीकत पुढे येईल, तिथे तिचे हसणे ऐकून घ्यावे लागेल.

पहिली गोष्ट ही की या वर्गात तू गाडी चालवणार नाहीस. तीस तास बाकावर बसून राज्याची ड्रायव्हर मॅन्युअल वाचायची, अपघातांच्या फिती बघायच्या आणि शेवटी एमव्हीसीची, म्हणजे न्यू जर्सीच्या मोटार वाहन खात्याची, पन्नास प्रश्नांची लेखी परीक्षा द्यायची, त्यात चाळीस बरोबर आली पाहिजेत, असा सगळा मामला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत ती परीक्षा वर्गातच होते, एमव्हीसीच्या रांगेत उभे राहावे लागत नाही, ही मोठी सोय आहे. स्टिअरिंग हातात येईल ते मार्चमध्ये सोळा पूर्ण झाल्यावर, आणि तेही शाळेच्या नाही, खाजगी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. परवानाधारक स्कूलमध्ये सहा तासांचे शिक्षण घेतल्याशिवाय सोळाव्या वर्षी परमिटवर, म्हणजे शिकाऊ परवान्यावर, गाडी चालवता येत नाही. बहुतेक स्कूल हे सहा तास दोन-दोनचे तीन धडे करून संपवतात. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. तो त्याने दाबला की गाडी एकदम नाक खुपसून थांबते आणि आपली चूक नेमकी कोणती हे कळायच्या आत मागच्याचा हॉर्न वाजतो. पहिल्या धड्यात हे चार-पाच वेळा होईल. त्याने खजील होऊ नकोस, त्यासाठीच तो ब्रेक बसवलेला आहे.

लेखी परीक्षेत आकडे फार विचारतात, आणि ते पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. फायर हायड्रंटपासून दहा फुटांच्या आत गाडी लावायची नाही, चौकातल्या क्रॉसवॉकपासून (पादचाऱ्यांच्या पट्ट्यांपासून) पंचवीस, स्टॉप सायनपासून पन्नास. दिवे लुकलुकवत थांबलेल्या शाळेच्या बसपासून किमान पंचवीस फूट मागे उभे राहायचे. एकवीस वर्षांखालच्या माणसाच्या रक्तात ०.०१ टक्का मद्यांश सापडला तरी कारवाई होते, म्हणजे व्यवहारात शून्यच. माझा आवडता नियम आइस्क्रीमच्या गाडीचा आहे: ती दिवे लावून उभी असेल तर आधी पूर्ण थांबायचे, मुले रस्ता ओलांडत नाहीत ना ते पाहायचे आणि मग ताशी पंधरा मैलांपेक्षा जास्त वेग न घेता पुढे जायचे. आजीला हे सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसेना. "बर्फाच्या गोळेवाल्यासाठी सरकारी कायदा?" असे तिने दोनदा विचारले.

मात्र या सगळ्यात एक भाग असा आहे की तो पाठ करून चालत नाही, आणि माझ्या मते या वर्गातले खरे शिकण्यासारखे तेवढेच आहे. त्याला 'राइट ऑफ वे' म्हणतात. शब्द ऐकून वाटते की हा आपला हक्क आहे, अमुक चौकात अमुक बाजूने आलो की रस्ता आपला झाला. नियम नीट वाच. कायदा रस्ता कोणाला बहाल करत नाही, कोणी थांबायचे आणि कोणी वाट द्यायची एवढेच तो सांगतो. चारही बाजूंना स्टॉप सायन असलेल्या चौकात दोन गाड्या एकाच वेळी आल्या तर डावीकडच्याने उजवीकडच्याला जाऊ द्यायचे. डावीकडे वळणाऱ्याने समोरून सरळ येणाऱ्याला जाऊ द्यायचे. आणि ज्याला वाट मिळायला हवी होती त्याला ती दुसऱ्याने दिलीच नाही, तर त्यानेही थांबायचेच.

मला हे कळायला फार उशीर झाला, कारण मी गाडी शिकलो ती साताऱ्यात, काकांच्या जीपवर, यवतेश्वरच्या घाटात. चढावर समोरून एसटी आली की थांबायचे आणि पुन्हा निघताना जीप मागे घसरू न देता हाफ क्लचवर तोलून धरायची. काका मागच्या चाकामागे एक वीट ठेवायचे आणि वीट सरकली की पाठीत धपाटा बसायचा. गाडीवरचा ताबा मी त्या विटेपासून शिकलो आणि त्याबद्दल मला आजही अभिमान आहे, तुला तर क्लच कधी दिसणारही नाही. पण चौकात कोणाला जाऊ द्यायचे हे तिथे कोणी शिकवले नाही. काल संध्याकाळी पोवई नाक्यावर अर्धा तास उभा राहून मी मुद्दाम पाहिले. ज्याने नाक आधी घातले त्याचा रस्ता, आणि तरीही सगळे एकमेकांच्या नजरा, हॉर्न आणि हाताचे इशारे ओळखून वाहत राहतात. त्याला बेशिस्त म्हणून मोकळे व्हावे असे मला वाटत नाही. इथला प्रत्येक जण समोरचा काहीही करू शकतो असे धरून चालवतो. तिकडे उलट आहे. तिकडे प्रत्येक जण समोरचा नियम पाळणारच असे धरून ताशी पन्नास मैलांनी येतो, आणि म्हणून तिथे एकाने मोडलेला नियम फार महागात पडतो.

आता ती टेस्टची हकीकत. मी न्यू जर्सीत आलो तेव्हा भारतातले लायसन आणि नऊ वर्षांचा अनुभव खिशात होता. समांतर पार्किंग एका झटक्यात जमले, के-टर्न (पुढे-मागे करत तीन टप्प्यांत गाडी उलट फिरवणे) झाला, सरळ रेषेत मागे आलो, आणि शेवटच्या वळणावर एका स्टॉप सायनपाशी मी गाडी अगदी हळू केली, दोन्हीकडे पाहिले, कोणी नव्हते, आणि निघालो. परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिले. टेस्ट संपल्यावर तो म्हणाला की तुम्ही थांबला नाहीत. मी म्हणालो, थांबलो की, आणि तसेही रस्त्यावर कोणी नव्हते. त्यावर त्याने फार शांतपणे सांगितले की कोणी आहे की नाही हे थांबल्यावर ठरवायचे असते. मी नापास झालो, पुन्हा टेस्ट देण्यासाठी सक्तीचे चौदा दिवस थांबावे लागले, आणि त्या चौदा दिवसांत आईने मला रोज स्टेशनवर सोडले. तिकडे याला 'रोलिंग स्टॉप' म्हणतात. गाडी पूर्ण थांबली की पुढे गेलेले शरीर किंचित मागे सीटवर टेकते; तो बारीकसा धक्का जाणवला नाही तर चाके अजून सरपटत आहेत असे समज.

तीस तास बाकावर आणि सहा तास स्कूलच्या गाडीत एवढ्याने कोणी ड्रायव्हर होत नाही, हे त्या देशालाही बऱ्याच उशिरा उमगले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज गावच्या हायस्कुलात, एमोस नेहार्ट नावाच्या प्राध्यापकाने १९३४ साली स्वतःची मोटार आणून मुलांना शिकवायला सुरुवात केली, आणि शाळेतला ड्रायव्हिंगचा वर्ग तिथून देशभर पसरला. पुढे १९७०च्या दशकाच्या शेवटी जॉर्जियातल्या डीकाल्ब काउंटीत हजारो विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला, आणि नुसत्या वर्गाने अपघात फारसे कमी होत नाहीत असे दिसले. पुढे राज्ये टप्प्याटप्प्याने लायसन देऊ लागली. न्यू जर्सीत ही पद्धत २००१ पासून आहे. म्हणून तुला सोळाव्या वर्षी परमिट, सतराव्या वर्षी प्रोबेशनरी (काही बंधने असलेले) लायसन आणि अठराव्या वर्षी पूर्ण लायसन असे तीन उंबरठे ओलांडायचे आहेत.

परमिटवर किमान सहा महिने शेजारी मोठे माणूस बसवून सराव करायचा. ते एकवीस वर्षांवरचे आणि न्यू जर्सीचे लायसन तीन वर्षे तरी बाळगणारे हवे. यंदाच्या फेब्रुवारीपासून त्यात भर पडली आहे: पन्नास तासांचा सराव झालाच पाहिजे, त्यातले दहा तास रात्रीचे, आणि तो झाल्याचे आम्ही लिहून द्यायचे. खोटे लिहून देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत चालवायचे नाही, फोनला हात लावायचा नाही, आणि हँड्स-फ्रीसुद्धा तुला चालणार नाही. प्रोबेशनरी लायसन मिळाल्यावरही आमच्याविना गाडीत एकच मैत्रीण बसू शकेल. दोघींपैकी कोणाला घ्यायचे हा प्रश्न तुम्ही तिघींनी सोडवायचा आहे, मी त्यात पडणार नाही. दोन्ही नंबर प्लेटच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात लाल स्टिकर लावायचा, तो तुला मुळीच आवडणार नाही. कायली नावाची एक शाळकरी मुलगी २००६ साली अपघातात गेली, तिच्या नावाने तो कायदा झाला आणि २०१० पासून लागू आहे. स्टिकरमुळे नवख्या मुली रस्त्यावर ओळखू येतात आणि ते धोक्याचे आहे, असा आक्षेप तेव्हा पालकांनी घेतला होता. तो मला अगदीच चुकीचा वाटत नाही, तरी स्टिकर लागेल.

ते पन्नास तास कसे घालवायचे याचा मी विचार केला आहे. सुरुवात रविवारी सकाळी मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये करू. मग आपल्या गल्ल्या, ताशी पंचवीस मैल. त्यानंतर रूट वनचा मोठा रस्ता, कारण तिथले जगहँडल तुला जमलेच पाहिजेत. डावीकडे वळायचे असेल तर आधी उजव्या लेनमध्ये जाऊन उजवीकडे बाहेर पडायचे आणि वळसा घालून सिग्नलवर रस्ता काटकोनात ओलांडायचा, हे साताऱ्याच्या मामाला समजावताना मला चहाच्या बशीत काडेपेटी फिरवून दाखवावी लागली. सायन दिसताच उजवीकडे सरकायचे, चुकलो तर पुढच्या जगहँडलपर्यंत मुकाट जायचे, तीन लेन तोडून यायचे नाही. ओक ट्री रोड मी सर्वांत शेवटी ठेवला आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे दिवे लावून दुहेरी उभ्या केलेल्या गाड्या आणि पिशव्या घेऊन कुठूनही उतरणारी आपली माणसे असतात. तिथे मात्र काकांची जीप कामाला येते, म्हणजे समोरचा काहीही करील असे धरून चालवायचे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिन्हीसांजेला हरणे रस्त्यावर येतात. हरीण दिसले तर ब्रेक जोरात दाबायचा पण गाडी सरळ ठेवायची. चुकवायला वळवलेली गाडी झाडावर किंवा समोरच्या लेनमध्ये जाते. हे वर्गात दोन ओळींत संपवतील, आपण त्यावर पुन्हा बोलू. पेट्रोल भरायला मात्र तू शिकणारच नाहीस, कारण न्यू जर्सीत १९४९ पासून स्वतःच्या हाताने ते भरायला बंदी आहे आणि आता असे ते एकमेव राज्य उरले आहे. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलीस की पंपासमोर गोंधळशील. मीही गोंधळलो होतो.

राहिला प्रश्न माझा. मी चांगला शिक्षक नाही हे मला ठाऊक आहे. शेजारी बसून मी नसलेल्या ब्रेकवर पाय दाबीन, "अगं, अगं" म्हणून ओरडेन, आणि ओरडल्यावर तू घाबरून चूक करशील. म्हणून असे ठरवू की गाडी चालू असताना मी फक्त पुढचे वळण सांगेन, आणि जे बोलायचे ते घरी आल्यावर, गाडी बंद करून बोलेन. हा नियम मी मोडला तर पुढचा धडा आईबरोबर घे. तिची सहनशक्ती माझ्यापेक्षा मोठी आहे.

पासपोर्ट आणि जन्मदाखला माझ्या टेबलाच्या खालच्या खणात निळ्या फाइलमध्ये आहे, एमव्हीसीच्या कागदपत्रांसाठी लागेल. विमा महागणार आहे, पण चांगले गुण असले तर बऱ्याच कंपन्या सूट देतात, तेव्हा गणिताकडे लक्ष असू दे. आणि मी येईपर्यंत एक काम कर. आई शाळेत सोडते तेव्हा वाटेत सहा स्टॉप सायन लागतात. उजवीकडच्या सीटवर बसून रोज मोज, तो मागे टेकण्याचा धक्का सहांपैकी कितींदा जाणवतो. आकडा मला फोनवर सांग, आईसमोर नको.

तुझा,
बाबा