मेंदूरक्षक औषधांच्या जोड्या आणि पहिले साडेचार तास

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अंगावरून वारे गेलेल्या रुग्णाला खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या खेड्यांत अजूनही बऱ्याचदा जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून घरी पाठवले जाते आणि सोबत सिटिकोलिन व पिरासिटॅम ही मेंदूरक्षक, म्हणजे मेंदूच्या पेशी वाचवण्यासाठी दिली जाणारी औषधे एकत्र असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी दिली जाते. अनेक वर्षे औषधविक्रीच्या व्यवसायात असल्याने या गोळ्यांवरचा नातेवाइकांचा विश्वास मी जवळून पाहिला आहे, आणि त्या विश्वासापायी मोलाचे तास हातचे जातात, हे मला अतिशय अस्वस्थ करते.

जोडीने औषधे देण्याची कल्पना मुळात निराधार नाही. रक्ताच्या गुठळीमुळे मेंदूचा रक्तपुरवठा घटला की पेशींतील ऊर्जा संपते, ग्लुटामेट हे पेशींना उत्तेजित करणारे रसायन बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, ऑक्सिजनचे घातक कण तयार होतात आणि पुढे दाह सुरू होतो; यांतील एकच वाट अडवली, तर हानी दुसरीने होत राहते. याच विचाराने चीनमध्ये एडारावोन आणि डेक्सबोर्निओल या दोन मेंदूरक्षक औषधांचे मिश्रण तपासले गेले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, ११६५ रुग्णांवरील या चाचणीत नव्वद दिवसांनंतर स्वतःची सर्व कामे पूर्वीसारखी करू शकणाऱ्यांचे प्रमाण मिश्रण घेणाऱ्यांत सुमारे ६७ टक्के, तर केवळ एडारावोन घेणाऱ्यांत ५९ टक्के होते. हा निष्कर्ष आशादायक असला, तरी तो एकाच देशातील रुग्णांचा आहे. आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या सिटिकोलिनचा मात्र २२९८ रुग्णांवरील युरोपीय चाचणीत, २०१२ साली, काहीही लाभ दिसला नाही. नेरिनेटाइड या आणखी एका मेंदूरक्षक औषधाच्या २०२० मधील चाचणीत तर गुठळी विरघळवणाऱ्या अल्टेप्लेससोबत दिल्यास या औषधाचे रक्तातील प्रमाणच घटते, असे आढळले; तेव्हा जोडी जमवताना एक औषध दुसऱ्याला निकामी करणार नाही ना, हेही पाहावे लागते.

मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत आणि तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावरच देता येते. कणकुंबी किंवा जांबोटीच्या पलीकडील गावातून भर पावसात निघालेल्या कुटुंबाला वाटेत दोन दवाखाने पालथे घालणे परवडणारे नाही.

म्हणून जिल्हा आरोग्य प्रशासनाने रात्री सीटी स्कॅन आणि हे औषध नेमके कोठे उपलब्ध असते, याचे मराठी व कन्नड फलक प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावावेत, आणि १०८ रुग्णवाहिकेने अशा रुग्णाला थेट तेथेच न्यावे. मेंदूरक्षक म्हणून गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीही त्यांचा पुरावा किती आहे, हे नातेवाइकांना त्यांच्या भाषेत सांगावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त औषधविक्रेता
खानापूर, जि. बेळगाव